निकटदृष्टितेवरील लेसर शस्त्रक्रिया : उपद्रव व उपाय

दूरच्या वस्तूंकडून येणारे प्रकाशकिरण जालपटलावर (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्यावर) केंद्रित न होता त्याच्या अलीकडेच केंद्रित होतात आणि त्यामुळे जवळचे स्पष्ट परंतु दूरचे अंधुक दिसते, अशा दृष्टिदोषाला निकटदृष्टिता म्हणतात. अंतर्गोल भिंगाचा चष्मा वापरला की हा दोष झाकला जातो. शस्त्रक्रिया करून तो कायमचा घालविण्याच्या प्रयत्नांना सु. सव्वाशे वर्षांचा इतिहास असून लेसर किरणांचा त्यासाठी उपयोग १९८० नंतरच्या दशकात सुरू झाला. इतर बहुतेक शस्त्रक्रिया रोगट अवयवावर केल्या जातात. ही मात्र चष्मा लावून उत्तम पाहू शकणाऱ्या निरोगी डोळ्यावर केली जाते. मोतीबिंदूने अंध झालेल्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर थोडे अंधुक दिसले, तरी त्याचा लाभच झालेला असतो. येथे तेवढाच अंधुकपणा म्हणजे निव्वळ हानी होय. त्यामुळे या शस्त्रक्रियेच्या इतिहासात उपद्रवांना (शस्त्रक्रियेतून उद्‌भवणाऱ्या विकारांना) असाधारण महत्त्व आहे. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक नवी पद्धत आधीच्या पद्धतीच्या उपद्रवावरील तोड म्हणून पुढे आली आणि येताना स्वतःचा वेगळा उपद्रव घेऊन आली.

डोळ्याच्या एकूण वक्रीभवनशक्तीपैकी सु. दोन-तृतीयांश शक्ती स्वच्छमंडलाची (बुबुळावरील पारदर्शक आवरणाची) असते. त्याची मध्यभागी जाडी केवळ सु. ०·५४ मिमी. म्हणजे ५४० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिमी.चा हजारावा भाग) भरते. बाहेरचा अधिस्तर सु. ५० मायक्रॉन जाड असून तो खरवडला गेल्यास काही दिवसांत पुन्हा वाढतो. त्याखालील तंतुमय थराने जवळजवळ सर्व जाडी व्यापलेली असते. तो कापला गेल्यास पूर्वीइतका बळकट होत नाही. सर्वांत आत अंतःस्तराच्या कोशिकांची एकच रांग असते. या कोशिका स्वच्छमंडलातील पाणी सतत बाहेर उपसतात व त्याची पारदर्शकता राखतात. माणसामध्ये त्या नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. पुढे वर्णिलेले बरेचसे उपद्रव या तीन थरांच्या भिन्न स्वभावांतूनच उद्‌भवले आहेत.

पूर्वेतिहास : स्वच्छमंडलावर काप घेतल्यास त्याची वक्रता कशी बदलते, याचे पद्धतशीर प्रयोग लान्स या डच वैद्याने सशांच्या डोळ्यांवर करून १८९८ मध्ये प्रसिद्ध केले. माणसावर हा उपाय मोठ्या प्रमाणावर प्रथम योजला तो टोकिओ येथील जुंतेंदो विद्यापीठातील त्सुतोमु सातो यांनी. स्वच्छमंडल शंकूसारखे पुढे येण्याच्या विकारात (केरॅटोकोनस) आतील पटल फाटून भरून आले की शंकू काहीसा सपाट होतो, असे त्यांना दिसले होते. त्यावरून त्यांनी स्वच्छमंडलाच्या बाहेरच्या व आतल्या अशा दोन्ही पृष्ठांवर अरीय (चाकाच्या आऱ्यांसारखे) काप घेण्याची पद्धत बसविली आणि १९५३ मध्ये तिचे निष्कर्ष अमेरिकेतील नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात सहकाऱ्यांसह मांडले. चष्मा सुटल्यामुळे रुग्ण समाधानी होते. परंतु आतून काप घेताना अंतःस्तराच्या कोशिका मोठ्या संख्येने नष्ट होत आणि या कोशिकांचे महत्त्व त्या काळी पुरते उमगलेले नव्हते. उरलेल्या कोशिकांनी काही काळ पाणी उपसण्याचे काम निभावून नेले. मग त्या थकल्या. शस्त्रक्रियेनंतर सु. वीस वर्षांनी या रुग्णांपैकी बहुतेकांचे स्वच्छमंडल सुजून दुधी झाले, त्यावर फोड येऊ लागले आणि अनेकांना स्वच्छमंडलाचे रोपण करून घ्यावे लागले. उपद्रव दिसण्यास लागणारा काळ हा रुग्णाच्या समाधानाच्या काळाहून कितीतरी लांब असू शकतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले. तरीही पुढील पिढीने ते फारसे लक्षात घेतलेले दिसत नाही.

मॉस्को येथील स्व्ह्यातोस्लाव्ह फ्यॉदरफ यांनी १९७० नंतरच्या दशकात केवळ बाहेरच्या पृष्ठावर काप घेण्याची सुधारित पद्धत रूढ केली. चष्म्याच्या काचा फुटून डोळ्यात गेलेल्या एका मुलाची दृष्टी जखम भरल्यावर सुधारलेली पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. अंतःस्तर यात वाचत असे. पण काप स्वच्छमंडलाच्या सु. नऊ-दशांश खोलीपर्यंत जात. १९७८ पासून ही शस्त्रक्रिया अमेरिकेत होऊ लागली. तेथील शासकीय साहाय्याने झालेल्या पाहणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार ४३% डोळ्यांत १ डायॉप्टर (भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक, चष्म्याचा ‘नंबर’) किंवा त्याहून अधिक बदल दूरदृष्टितेच्या दिशेने झाला होता, म्हणजे कमजोर झालेले स्वच्छमंडल वर्षानुवर्षे सपाट होतच राहिले होते. मे १९९६ मध्ये एव्हरेस्ट शिखरावरील दुर्घटनेत सापडलेले अमेरिकन गिर्यारोहक बेक वेदर्स यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. अतिउंचीवरील विरळ हवेत ऑक्सिजनाच्या अभावी कापलेले स्वच्छमंडल सुजून त्याचा आकार बदलला व त्यांना दिसेनासे झाले. लेसरचा या प्रसंगाशी संबंध नाही. परंतु बरा झालेला काप आणि मूळ ऊतक यांत किती अंतर असते, याचे हे उदाहरण आहे.

पृष्ठभागावरील लेसर : स्वच्छमंडल कापण्याऐवजी त्याचा अत्यंत पातळ थर काढून टाकण्याची शक्यता एक्सायमर लेसरमुळे निर्माण झाली. आर्‌गॉन व फ्ल्युओरीन यांच्या मिश्रणापासून मिळणाऱ्या या जंबुपार (जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य) किरणांची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर असते. रंगस्वामी श्रीनिवासन हे भारतात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत या किरणांवर काम करीत होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी त्यांनी आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातून उरलेली टर्की पक्ष्याची हाडे प्रयोगशाळेत आणली व त्यांवर हे किरण सोडले. हिरव्या लेसरने ऊतक करपत असे. या किरणांनी मात्र आजूबाजूस धग न लागता स्वच्छ खाच पडली. किरणांच्या ऊर्जेमुळे रेणूंमधील बंध थेट तुटतात आणि प्रत्येक स्पंदागणिक सु. पाव मायक्रॉन ऊतक उडून जाते. न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या सहकार्याने स्वच्छमंडलावरील उपयोग १९८३ मध्ये दाखविला. बर्लिनचे थेओ झायलर यांनी १९८५ मध्ये हा लेसर मानवी डोळ्यावर प्रथम वापरला. १९८८ मध्ये मार्गेरीट मॅक्‌डॉनल्ड यांनी अमेरिकेत एका दिसत्या डोळ्याची निकटदृष्टिता त्याने कमी केली. हा डोळा कर्करोगामुळे काढून टाकावयाचा होता व रुग्णेने त्यावर आधी हा प्रयोग करू दिला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये या पद्धतीस मान्यता दिली.

या पद्धतीत अधिस्तर खरवडून उघड्या तंतुमय थरावर किरण सोडतात. अधिस्तर भरून येईपर्यंत तीन-चार दिवस वेदना होतात, हा उपद्रव किरकोळ म्हणता येईल. खरी अडचण धुरकटपणाची होती. विशेषतः ६ डायॉप्टरहून अधिक दोष काढल्यास जखम भरणाऱ्या कोशिका अपारदर्शक तंतू तयार करीत, काही महिन्यांनी स्वच्छमंडल धुरकट दिसे व घालविलेला नंबर काही अंशी परत येई. कडक उन्हातील जंबुपार किरणांनी हा विकार बळावतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही महिने गडद चष्मा वापरण्यास सांगतात. प्रारंभी यावर स्टेरॉइडाचे थेंब महिनोन्‌महिने देत; त्यांनी काहींच्या डोळ्यांतील दाब वाढे. मायटोमायसीन हे कर्करोगावरील औषध ०·०२% तीव्रतेने काही सेकंद लावल्यास धुरकटपणा टळतो, हे २००० च्या सुमारास सिद्ध झाले. त्यामुळे मागे पडलेल्या या पद्धतीला पुन्हा स्थान मिळाले. आज पातळ स्वच्छमंडलासाठी अनेक वैद्य तीच पसंत करतात.

पापुद्र्याची शस्त्रक्रिया : होसे इग्नासिओ बारराकेर यांनी १९४९ पासून एक वेगळी कल्पना विकसित केली होती. स्वच्छमंडलाची चकती कापून, गोठवून लेथवर घासावयाची व पुन्हा जागेवर बसवावयाची, अशी ती होती. ग्रीसमधील क्रीट बेटावरील योआनिस पालिकारिस यांनी १९९० च्या सुमारास या कापाची एक्सायमर लेसरशी सांगड घातली. त्यांनी चकती पूर्ण न कापता एका बाजूस बिजागरीसारखी जोडलेली ठेवली. हा पापुद्रा उलटून खालील थरावर लेसर सोडावयाचा व पापुद्रा परत पसरावयाचा. या पद्धतीस ‘लॅसिक’ हे नाव रूढ झाले. अधिस्तर शाबूत राहिल्याने वेदना नाहीत, धुरकटपणा नाही आणि दुसऱ्या दिवशी दृष्टी स्वच्छ. या पद्धतीचा जगभर झपाट्याने प्रसार झाला, त्याचे कारण हेच.

पापुद्रा कापण्याचे यंत्र सुताराच्या रंध्यासारखे चालते. एक कडे डोळ्यावर निर्वात चोषणाने घट्ट बसवितात. त्यामुळे डोळ्यातील दाब इतका वाढतो की, रुग्णाला क्षणभर अंधार दिसतो. मग कंप पावणारे पाते कड्यावरून सरकते. शस्त्रक्रिया चालू असतानाचे बहुतेक उपद्रव या काही सेकंदांतील आहेत. चोषण मध्येच सुटले, तर पापुद्रा अर्धवट किंवा वेडावाकडा कापला जातो. अधिक वक्र स्वच्छमंडलात त्याच्या मधोमध काजाएवढे छिद्र पडू शकते. फार सपाट स्वच्छमंडलात बिजागरी न राहता तो सुटाच निघतो. सुरुवातीच्या काही यंत्रांत जाडी ठरविणारी पट्टी प्रत्येक वेळी सुटी करून बसवावी लागे. ती बसविण्याचे राहून गेल्यास पाते थेट डोळ्याच्या आतील कप्प्यात शिरे. अशा घटना थोड्या, परंतु भीषण होत्या. नंतरच्या यंत्रांत पट्टी कायमची जोडण्यात आली.

या सर्व प्रसंगी एकच नियम हळूहळू मान्य झाला : पापुद्रा सदोष असेल, तर लेसर सोडावयाचा नाही. तो जसा आहे तसा जागेवर नीट बसवून, वर संरक्षक स्पर्शभिंग (कॉन्टॅक्ट लेन्स) ठेवून हात आवरता घ्यावयाचा आणि किमान तीन महिने थांबून मग पृष्ठभागावरील लेसरने काम पुरे करावयाचे. ज्यांनी हे पथ्य पाळले त्यांच्या रुग्णांची दृष्टी बहुधा पूर्ववत झाली. ज्यांनी त्याच बैठकीत लेसर सोडला किंवा लगेच दुसरा काप घेतला, त्यांच्या रुग्णांच्या स्वच्छमंडलावर कायमची विषम वक्रता राहिली. सुटा निघालेला पापुद्रा ओलसर कुपीत ठेवून लेसरनंतर परत बसविता येतो. मात्र त्याची नेमकी दिशा कळावी म्हणून काप घेण्यापूर्वीच शाईच्या खुणा केलेल्या असाव्या लागतात.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांतील उपद्रवांपैकी एकाचा इतिहास उद्‌बोधक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापुद्र्याखाली बारीक पांढुरके कण पसरलेले दिसत. वाऱ्याने लाटा उठलेल्या वाळूशी असलेल्या साम्यावरून त्यास ‘सहाराची वाळू’ म्हणत. १९९८ मध्ये त्याचे पद्धतशीर वर्णन झाले. हा जंतुसंसर्ग नसून दाह आहे, हे कळले तरी तो एकाच दिवशीच्या अनेक रुग्णांना का व्हावा, हे कोडेच होते. एका साथीचा माग काढताना २००० मध्ये असे आढळले की, उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या पाण्याच्या टाकीत जंतूंचा चिकट थर साचला होता. वाफेने जंतू मरत. त्यांची विषे मात्र उपकरणांवर टिकून राहत. टाकी नियमित कोरडी व स्वच्छ करणे हाच त्यावरील उपाय ठरला. दाह सौम्य असल्यास स्टेरॉइडाचे थेंब तासातासाला देतात. कण मध्यभागी गोळा होऊ लागल्यास पापुद्रा उचलून खालील जागा धुतात, कारण विलंब झाल्यास तेथील ऊतक विरघळून व्रण राहतो.

याच चित्राची हुबेहूब नक्कल करणारा दुसराही एक विकार आहे व तेथे उपाय नेमका उलटा आहे. स्टेरॉइडामुळे डोळ्यातील दाब वाढून पापुद्र्याखाली पाणी साचते आणि तेही धुरकट दिसते. या पाण्यावरून दाब मोजल्यास तो खोटा कमी भरतो. वैद्य दाह समजून स्टेरॉइड वाढवितो, दाब आणखी चढतो आणि दृक्‌तंत्रिकेस कायमची इजा होते. हा विकार बहुधा पहिल्या आठवड्यानंतर उद्‌भवतो, तर खरा दाह पहिल्या काही दिवसांतच. म्हणून दिवस मोजणे हीच येथे निदानाची पहिली पायरी होय. स्टेरॉइड बंद करून दाब उतरविणारी औषधे दिली की, स्वच्छमंडल निवळते. जंतुसंसर्ग क्वचित होतो. तो काही आठवड्यांनी उद्‌भवल्यास क्षयजंतूंच्या जातीतील जंतूंचा संशय घ्यावा लागतो आणि पापुद्रा उचलून खालील नमुना तपासणीस पाठवावा लागतो. अधिस्तराच्या कोशिका कडेने आत शिरल्यास व त्या वाढत असल्यास खरवडून काढतात. पापुद्रा मात्र आयुष्यभर पूर्ण घट्ट चिकटत नाही, हेही सांगितले पाहिजे. डोळ्यावर मार बसून तो अनेक वर्षांनी सरकल्याची उदाहरणे नमूद आहेत.

फुगवटा : सर्वांत गंभीर उपद्रव शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसतो. कमजोर झालेले स्वच्छमंडल आतील दाबाने पुढे फुगू लागते व दृष्टी वेडीवाकडी होते. झायलर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लॅसिकनंतरची अशी उदाहरणे प्रसिद्ध केली. याचे मूळ साध्या गणितात आहे. चार्ल्स मनर्लिन यांच्या सूत्रानुसार काढावयाच्या थराची खोली (मायक्रॉन) ही उपचारित वर्तुळाच्या व्यासाच्या (मिमी.) वर्गास डायॉप्टरने गुणून ३ ने भागल्यास साधारणपणे मिळते. ६ डायॉप्टरसाठी ४ मिमी. व्यासास ३२ मायक्रॉन, तर ६ मिमी. व्यासास ७२ मायक्रॉन थर काढावा लागतो. आरंभीच्या वैद्यांनी व्यास लहान ठेवला, तेव्हा रात्री बाहुली विस्फारली की किरण उपचारित वर्तुळाच्या कडेवरून शिरत आणि रुग्णांना दिव्यांभोवती तेजोवलये व चमक दिसे. हा उपद्रव टाळण्यासाठी व्यास वाढविला. त्याबरोबर खोलीही वाढली. त्यात पापुद्र्याची जाडी मिळविली की, मजबुती देणारा भाग किती उरतो हे उघड आहे.

किमान २५० मायक्रॉन थर अस्पर्शित ठेवावा, असा संकेत मग रूढ झाला. तो पाळूनही काही डोळे फुगले, कारण त्यांत केरॅटोकोनसाचा विकार सुप्त रूपात आधीच होता. यासाठी स्वच्छमंडलाच्या पुढील व मागील पृष्ठांचे नकाशे काढून संशयास्पद डोळे वगळणे, हाच खरा प्रतिबंध मानला जातो. रँडलमन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वय, जाडी, नकाशा इत्यादींवरून धोक्याचे गुणांकन सुचविले. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. नागपूरच्या परिसरातील ग्रामीण भागात झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीस वर्षांवरील सु. २·३% व्यक्तींत ४८ डायॉप्टर किंवा त्याहून अधिक वक्रता आढळली. या निकषावरून केरॅटोकोनसाचे निदान करणे कितपत योग्य, याविषयी मतभेद आहेत. तरी अन्य अनेक देशांच्या आकड्यांहून हे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. परदेशी रुग्णांवरून बेतलेले निकष येथे वापरताना सावधगिरी बाळगणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

फुगवट्यावर दीर्घकाळ कडक स्पर्शभिंगे व अखेरीस रोपण एवढेच उपाय होते. जर्मनीतील ड्रेझ्डेन येथे व्होलेन्झाक, श्पर्ल व झायलर यांनी रिबोफ्लाविनाचे (ब२ जीवनसत्त्वाचे) थेंब टाकून त्यावर सौम्य जंबुपार किरण सोडले असता तंतूंमध्ये नवे बंध निर्माण होतात व फुगवटा थांबतो, असे २००३ मध्ये केरॅटोकोनसाच्या रुग्णांत दाखविले. हा उपाय विकार थांबवितो, गेलेली दृष्टी बहुधा परत आणीत नाही. म्हणून निदान लवकर व्हावे लागते.

पात्याविना शस्त्रक्रिया : फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) इतक्या सूक्ष्म स्पंदांच्या लेसरने डोळ्यास झालेली एक अपघाती इजा मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात पाहण्यात आली. ती विलक्षण स्वच्छ कडांची होती. तिच्यावरून रॉन कुर्ट्‌झ व टीबोर यूहास यांनी या लेसरने पापुद्रा कापण्याचे तंत्र विकसित केले. पात्याचे जुने उपद्रव त्यामुळे पुष्कळ कमी झाले. त्यांच्या जागी वायूच्या बुडबुड्यांचा अपारदर्शक थर, बुडबुडे वर फुटून पापुद्र्याला छिद्र पडणे व काही आठवडे टिकणारी प्रकाशाची असह्यता हे नवे उपद्रव आले. बुडबुडे बहुधा थोड्या वेळात विरतात. तोवर थांबणे एवढाच उपचार असतो.

पापुद्राच नको, या विचारातून स्वच्छमंडलाच्या आत भिंगाकार चकती कोरून ती लहान छेदातून ओढून काढण्याची ‘स्माइल’ ही पद्धत जर्मनीत झेकुंडो व ब्लूम यांनी सुरू केली. वडोदऱ्याच्या रूपल शहा व सहकाऱ्यांनी तिचे प्रारंभीचे निष्कर्ष २०११ मध्ये मांडले. येथेही चोषण सुटणे हाच मुख्य धोका आहे. चकतीचा मागील काप १०% हूनही कमी झाला असल्यास तो पुन्हा सुरू करता येतो. त्यापुढे गेल्यास शस्त्रक्रिया थांबवून दुसऱ्या पद्धतीकडे वळतात. चकतीचा तुकडा आत राहिल्यास विषम वक्रता येते, म्हणून बाहेर काढलेली चकती पसरून ती अखंड आहे की नाही, हे तपासणे आवश्यक असते.

कोरडेपणा व इतर दीर्घकालीन परिणाम : पापुद्रा कापताना स्वच्छमंडलातील तंत्रिका तुटतात. संवेदना कमी झाल्याने अश्रू कमी येतात व पापण्यांची उघडझाप मंदावते. तंत्रिका सहा महिने ते एक वर्षात बऱ्याच अंशी वाढतात. तोवर कृत्रिम अश्रू, अश्रुमार्ग बंद करणाऱ्या सूक्ष्म गुडद्या किंवा सायक्लोस्पोरिनाचे थेंब देतात. थोड्या रुग्णांत डोळा तपासणीत निर्दोष दिसूनही वेदना वर्षानुवर्षे राहतात. अशांची तक्रार पूर्वी मनाचा खेळ म्हणून धुडकावली जाई. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये अशा रुग्णांचे म्हणणे जाहीर सुनावणीत ऐकून घेतले आणि नंतर संरक्षण विभाग व राष्ट्रीय नेत्रसंस्था यांच्यासह स्वतः पाहणी केली. शस्त्रक्रियेपूर्वी तेजोवलये, चमक इत्यादी लक्षणे नसलेल्यांपैकी ४३ ते ४६% व्यक्तींना तीन महिन्यांनी असे किमान एक लक्षण नव्याने जाणवत होते. त्यामुळे नेहमीच्या कामांत फार अडचण येणाऱ्यांचे प्रमाण मात्र १% हूनही कमी होते आणि बहुतेक सर्व जण निकालावर संतुष्ट होते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. रुग्णाला सहसा दुसरेच तेवढे सांगितले जाते.

१९९० नंतरच्या दशकात शस्त्रक्रिया करून घेतलेले लोक आता मोतीबिंदूच्या वयात येत आहेत. लेसरने स्वच्छमंडलाच्या पुढील व मागील पृष्ठांच्या वक्रतांचे गुणोत्तर बदललेले असते. त्यामुळे नेहमीची यंत्रे त्याची शक्ती प्रत्यक्षाहून अधिक दाखवितात, बसविलेले कृत्रिम भिंग कमी शक्तीचे निघते आणि रुग्णास दूरदृष्टिता येते. यासाठी स्वतंत्र सूत्रे तयार झाली असून मागील पृष्ठ मोजणाऱ्या यंत्रांचीही मदत होते. पातळ झालेल्या स्वच्छमंडलावरून डोळ्यातील दाबही कमी मोजला जातो व काचबिंदू निसटू शकतो. निकटदृष्टी डोळ्याची मूळ लांबी लेसरने कमी होत नाही, तेव्हा जालपटल सुटण्याचा धोकाही पूर्वीइतकाच राहतो. या तिन्ही कारणांसाठी शस्त्रक्रियेपूर्वीचा चष्म्याचा नंबर, वक्रतेची मापे व स्वच्छमंडलाची जाडी यांची नोंद रुग्णाने स्वतःजवळ जपून ठेवावी आणि पुढे डोळे तपासणाऱ्या प्रत्येक वैद्यास ती दाखवावी, असे सुचविले जाते.